कामठी मार्ग आणि गड्डीगोदामचे चारस्तरीय छेदन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
रामटेकहून नागपूरला जाणारा प्रवासी मनसर येथे राष्ट्रीय महामार्गाला लागतो आणि कन्हान, कामठी ही गावे ओलांडून ऑटोमोटिव्ह चौकात नागपूर शहराच्या उंबरठ्यावर येतो. तेथून एल.आय.सी. चौकापर्यंतचा रस्ता आज दोन मजली आहे आणि गड्डीगोदाम येथे तर वाहतुकीचे चार स्तर एकावर एक उभे आहेत. या रचनेकडे बहुधा स्थापत्यशास्त्रातील एक नवल म्हणून पाहिले जाते. वस्तुतः ती दोनशे वर्षांच्या इतिहासाची परिणती होय. हा इतिहास कसा घडला आणि त्यातून शहरी रस्त्याविषयी कोणता प्रश्न उभा राहतो, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

छावणीचा रस्ता :
१८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांच्या राज्यावर इंग्रजांचे वर्चस्व प्रस्थापित झाले. १८२१ मध्ये कन्हान नदीकाठी कामठीची लष्करी छावणी वसविण्यात आली. इंग्रज रेसिडेन्सी सीताबर्डीस आणि सैन्य कामठीस, अशी व्यवस्था असल्याने या दोन ठिकाणांना जोडणारा रस्ता राज्यकारभाराच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. हाच रस्ता पुढे शिवनी व जबलपूरमार्गे मिर्झापूरकडून येणाऱ्या दख्खन मार्गाशी जोडलेला होता. म्हणजेच कामठी मार्गाचे स्वरूप आरंभापासूनच दुहेरी होते. तो जसा दूरच्या प्रवासाचा राजमार्ग होता, तसाच दोन जवळच्या वस्त्यांमधील रोजच्या ये-जा करण्याचा रस्ताही होता.

१८६७ मध्ये मुंबईकडून रेल्वे नागपुरात पोहोचली आणि कालांतराने तिचे मार्ग पूर्वेस व उत्तरेस विस्तारले. स्थानकाच्या उत्तरेस गड्डीगोदाम येथे लोहमार्ग व कामठी मार्ग एकमेकांना छेदतात. येथे लोहमार्ग वरून आणि रस्ता त्याच्या खालून नेण्यात आला. चार स्तरांपैकी पहिले दोन स्तर असे तयार झाले. रेल्वेखालील मर्यादित जागेमुळे रस्त्याच्या रुंदीकरणास मात्र कायमचे बंधन पडले.

महामार्गांचा चौरस्ता :
डिसेंबर १९४३ मध्ये देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूर येथेच भरली होती. ‘नागपूर योजना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिच्या आराखड्यात रस्त्यांचे राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्राम असे वर्गीकरण करण्यात आले. दूरच्या व जवळच्या प्रवासाच्या गरजा भिन्न असतात, हे तत्त्व या वर्गीकरणाच्या मुळाशी होते. परंतु ज्या शहरात हे तत्त्व मांडले गेले, त्याच शहरात ते प्रत्यक्षात आणणे कठीण होते. वाराणसी–कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग क्र. ७ आणि हजिरा–कोलकाता हा क्र. ६ नागपुरात एकत्र येत. त्यांपैकी क्र. ७ कामठी मार्गाने शहरात शिरून वर्धा मार्गाने बाहेर पडत असे. २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर या महामार्गांची जागा अनुक्रमे क्र. ४४ व क्र. ५३ यांनी घेतली. वळणमार्ग झाल्यावर दूरची अवजड वाहतूक बाहेरून जाऊ लागली, तरी इंदोरा, कडबी चौक, गड्डीगोदाम या दाट वस्तीच्या भागांतील वर्दळ कमी झाली नाही.

स्तर का वाढतात? :
चार रस्ते एकाच पातळीवर मिळतात, तेव्हा वाहनांचे मार्ग परस्परांना छेदण्याचे, मिळण्याचे अथवा वेगळे होण्याचे एकूण ३२ संघर्षबिंदू निर्माण होतात. सिग्नल हे संघर्ष वेळेच्या विभागणीने टाळतो, तर उड्डाणपूल उंचीच्या विभागणीने. मुंबईतील केम्प्स कॉर्नर येथे १९६५ मध्ये उभारलेला उड्डाणपूल हा देशातील या प्रकारचा आरंभीचा प्रयोग होता. येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. ज्या रचनेत एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी जोडमार्ग असतात ती अदलाबदलीची रचना होय. जेथे मार्ग केवळ एकमेकांच्या वरून जातात ते स्तरविभक्त छेदन. गड्डीगोदाम दुसऱ्या प्रकारात मोडते. तेथे चार वाहतुकी एकत्र दिसतात, परंतु त्या एकमेकींना भेटत नाहीत.

वर्धा मार्गावर ३.१४ कि.मी. लांबीचा दुमजली पूल २०२० मध्ये खुला झाला. त्याच धर्तीवर कामठी मार्गावर एकाच खांबावर खाली उड्डाणपूल व वर मेट्रो अशी सुमारे ५.६७ कि.मी. लांबीची रचना महामेट्रोने उभारली. एकच पाया व एकच खांब दोन्ही वाहतुकींस पुरत असल्याने अतिरिक्त जागेची गरज घटते. गड्डीगोदाम येथे रेल्वेवरून जाण्यासाठी मात्र काँक्रीटऐवजी पोलादी सांगाडा वापरावा लागला. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंतची मेट्रो डिसेंबर २०२२ मध्ये, तर तिच्या खालचा उड्डाणपूल ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. तळाशी रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो असे चार स्तर पूर्ण झाले.

ओलांडणाऱ्याचा प्रश्न :
या रचनेचा लाभ निर्विवाद आहे. शहराच्या मध्यभागी पोहोचू इच्छिणारा प्रवासी खालचे चौक टाळून जाऊ शकतो. तथापि इंदोरा किंवा कडबी चौकात ज्याचे काम आहे, तो विद्यार्थी, रुग्ण वा किरकोळ विक्रेता तळाच्या रस्त्यावरच राहतो. त्याची गरज रस्त्याच्या लांबीने जाण्याची नसून बहुधा रस्ता ओलांडण्याची असते. प्रकल्पाचे यश वाचलेल्या मिनिटांत मोजले जाते. ओलांडणाऱ्याची सुरक्षितता त्या हिशेबात सहसा येत नाही.

या संदर्भात याच महामार्गाचे एक उदाहरण उद्बोधक आहे. मनसर–खवासा दरम्यान पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातून जाणाऱ्या रस्त्याचे चौपदरीकरण करताना, दीर्घ न्यायालयीन वादानंतर, वन्यप्राण्यांसाठी भुयारी मार्ग व पूल मिळून नऊ रचना करण्यात आल्या. त्यांपैकी सर्वांत लांब रचना ७५० मीटरची आहे. वाघासह अनेक प्राणी त्यांचा वापर करीत असल्याचे कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेल्या नोंदींतून दिसून आले आहे. येथे वाहन वरून गेले आणि ओलांडणाऱ्या प्राण्याची वाट जमिनीवर अबाधित राहिली. रस्ता केवळ जाणाऱ्याचा नसतो, तर ओलांडणाऱ्याचाही असतो, हे तत्त्व अरण्यात मान्य झाले. शहरात ते त्याच काटेकोरपणे लागू होणे अगत्याचे आहे.

समारोप :
कामठी मार्गाच्या इतिहासात छावणी, रेल्वे, महामार्ग व मेट्रो यांपैकी प्रत्येक टप्प्यावर मुख्यतः पुढे जाणाऱ्याची सोय पाहिली गेली आणि त्यासाठी नवा स्तर वाढत गेला. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यास डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली असून, त्यात ऑटोमोटिव्ह चौक ते कन्हान या मार्गाचा समावेश आहे. त्यामुळे हा प्रश्न रामटेक तालुक्याच्या अधिक जवळ येणार आहे. सलग पदपथ, पायी ओलांडण्यास पुरेसा सिग्नलकाळ आणि एस.टी. थांबा व मेट्रो स्थानक यांची सुलभ सांगड या गोष्टी खर्चाच्या मानाने अल्प, परंतु परिणामाच्या दृष्टीने मोठ्या आहेत. वरचे तीन स्तर कितीही भव्य असले, तरी त्यांचा भार तळाच्या स्तरावरच उभा आहे. नियोजनातही त्या स्तराला प्रथम स्थान मिळणे न्याय्य ठरेल.