मुक्कामाचे अंतर

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलेला मोटरसायकलस्वार मोशीला इंद्रायणी ओलांडतो आणि राजगुरुनगरला भीमा. मंचरच्या पुढे घोड लागते, नारायणगावला मीना, पिंपळवंडीजवळ कुकडी, घारगावला मुळा आणि संगमनेरला प्रवरा. या नद्या सह्याद्रीतून निघून पूर्वेकडे जातात आणि रस्ता उत्तरेकडे जातो. त्यामुळे प्रत्येक नदी त्याला आडवी येते. जिथे उतार होता तिथे वाटसरू थांबला, आणि जिथे तो थांबला तिथे हळूहळू बाजार वसला. राजगुरुनगर ते मंचर, मंचर ते नारायणगाव, नारायणगाव ते आळेफाटा ही अंतरे मोजली, तर प्रत्येक टप्पा साधारण पंधरा ते वीस किलोमीटरचा भरतो. बैलगाडी सकाळी निघून ऊन कलायच्या आत जेवढे जाईल, तेवढाच.

‘मजल’ हा शब्द आपण आता ‘मजल मारली’ एवढ्यापुरताच वापरतो. मुळात मजल म्हणजे एका दिवसाची चाल. ‘मजल दरमजल करीत’ गेलेल्या माणसाने वाटेत किती मुक्काम केले, हे त्या शब्दांतच आलेले असते. माझे गाव येडगाव. पिंपळवंडीच्या त्या पुलाच्या वरच्या अंगाला कुकडीवर जे धरण आहे, त्या धरणाचे. गेली पंधरा-सोळा वर्षे मी मोटरसायकलवरून महाराष्ट्रातल्या लहान गावांतून लांबचे प्रवास करतो आहे. या प्रवासांनी मला एका साध्या प्रश्नाकडे आणले: वाटेवरचे गाव जगते कशावर? रस्त्यावरून किती गाड्या गेल्या यावर, की त्यांतल्या किती थांबल्या यावर?

पोढी आणि भोजनमंडप

या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर आमच्याच तालुक्यात दगडावर कोरलेले आहे. कोकणातल्या बंदरांतून घाटमाथ्यावर येणारा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग नाणेघाटातून जुन्नरला येत असे. घाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे आणि जवळच जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. पण जकात म्हणजे वाटेने प्रवाशाकडून घेतलेले. प्रवाशाने वाटेला काय दिले, ते जुन्नरभोवतीच्या लेण्यांत वाचायला मिळते. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतल्या दानलेखांत परदेशी यवनांचीही नावे आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिल्याचा लेख आहे. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला.

दाने धार्मिक होती, हे खरेच. तरी दात्यांनी काय निवडले ते पाहावे: पिण्याचे पाणी आणि जेवायची जागा. लांबून आलेल्या माणसाला मुक्कामाच्या ठिकाणी सर्वांत आधी या दोनच गोष्टी लागतात. आपल्याला जे लागले, ते मागून येणाऱ्यासाठी ठेवून जाण्याची ही रीत दोन हजार वर्षांपूर्वी इथे होती.

यंत्र आणि शरीर

मोटरसायकलच्या प्रवासात मुक्कामाचे अंतर कोण ठरवते? पेट्रोलची टाकी ठरवते, असा सर्वसाधारण समज आहे. आपल्याकडे तो खरा नाही. याच नाशिक रस्त्यावर चाकणच्या कारखान्यात तयार होणारी पल्सर घेतली, तर तिच्या पंधरा लिटरच्या टाकीत पुण्याहून नाशिकला जाऊन परत येता येते. टाकीच्या कितीतरी आधी माणूस संपतो.

त्याची कारणे सोपी आहेत. चारचाकीत वारा बाहेर असतो. मोटरसायकलवर तो छातीवर असतो. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी साठवरून नव्वदवर गेलो, तर वेग दीडपट होतो आणि रेटा सव्वादोन पट. तो रेटा मान, खांदे आणि मनगटे सहन करतात. घाम वाऱ्यावर उडून जातो, त्यामुळे शरीरातले पाणी कमी होत असल्याचे लक्षात येत नाही; तोंडाला कोरड पडते आणि विचार मंदावतात, तेव्हा कळते. एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर तासाभरात बोटांत उतरते. म्हणून अनुभवी स्वार ऐंशी-नव्वद किलोमीटरला उतरतोच. लहान रस्त्यावर, खड्डे, गतिरोधक आणि शेळ्यांचे कळप धरून, तो त्याहूनही लवकर उतरतो.

आमच्या भागात आणखी दोन गोष्टी मुक्काम ठरवतात. दिवाळीनंतर साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला, की उसाच्या गाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. पुष्कळांना मागे दिवा नसतो. आणि याच उसात बिबट्या राहतो. जुन्नर तालुक्यात रात्री दुचाकीवर बिबट्याने झेप घेतल्याच्या घटना घडलेल्या आहेत. अंधार पडण्याआधी गाव गाठावे, हा बैलगाडीच्या काळातला नियम मोटरसायकलला आजही लागू आहे.

थोडक्यात, मोटरसायकल वेगाने गाडीसारखी असली, तरी थांबण्याच्या बाबतीत बैलगाडीची नातलग आहे. जुनी गावे ज्या अंतरावर वसली, त्या अंतराची गरज तिला अजून आहे.

जिथे गाव नाही, जिथे रस्ता वळला

हे अंतर विस्कटले तर काय होते, ते पाहायला ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घेण्याजोगे आहे. लांब पल्ल्याची मोटरसायकल आणि लहान गावे ही जोडी तिथे फार जुनी आहे. पश्चिमेच्या नॉर्समनपासून पूर्वेच्या सेडुनापर्यंत नलारबोरच्या मैदानातून जाणारा आयर महामार्ग सुमारे १,२०० किलोमीटरचा आहे. त्यात एक पट्टा १४६.६ किलोमीटर एकही वळण न घेता सरळ जातो. दोन्ही टोकांच्या मध्ये गावे जवळजवळ नाहीतच. म्हणून तिथे ‘रोडहाऊस’ उभी राहिली: पेट्रोल, जेवण, दोन-चार खोल्या. बॅलाडोनियाहून केगुनाला जाताना सुमारे १८० किलोमीटर मध्ये काहीच नाही. तिथे मात्र टाकीच मुक्काम ठरवते. रोडहाऊस म्हणजे आजूबाजूला शेत, शाळा, बाजार नसलेला निव्वळ थांबा. रस्ता बंद तर तोही बंद.

सिडनी–मेलबर्न ह्यूम महामार्गाची गोष्ट वेगळी. तो पूर्वी गावागावांतून जाई. एकेका गावाला बाह्यवळण मिळत गेले. गोलबर्नला १९९२ मध्ये मिळाले आणि शेवटचे गाव होलब्रुक २०१३ मध्ये बाजूला पडले. गोलबर्न हा मेंढपाळीचा मुलूख. तिथे १९८५ मध्ये सुमारे पंधरा मीटर उंचीची काँक्रीटची मेंढी बांधली होती आणि तिच्या पोटात दुकान होते. रस्ता सरकल्यावर तिच्याकडे येणारी वाट आटली. अखेर २००७ मध्ये ती अख्खी मेंढी उचलून नव्या महामार्गाच्या फाट्याजवळ नेऊन ठेवली. गोलबर्न शहर मात्र जागीच राहिले, कारण भोवतालच्या मुलखाची शाळा, दवाखाना, बाजार तिथेच होता. प्रवाशासाठी उभे केलेले प्रवाशामागे गेले आणि शेजाऱ्यांसाठी उभे केलेले टिकले.

आमच्या नाशिक रस्त्यावर हेच घडते आहे. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव यांना बाह्यवळणे झाली. ती हवीच होती. नारायणगावच्या वेशीत टोमॅटोच्या हंगामात गाड्या तास तास अडकत, त्यात रुग्णवाहिकाही असत. नारायणगावचे मोठे नुकसान होणार नाही. तिथला टोमॅटोचा बाजार शेतकऱ्यांवर चालतो. चैत्रातल्या जत्रांसाठी तमाशाची सुपारी द्यायला गावोगावचे पुढारी नारायणगावातल्या फडांच्या राहुट्यांवर मुद्दाम येतात. वाटेत लागले म्हणून कोणी येत नाही. आळेफाट्याचे तर जन्मकारणच रस्ता आहे. ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी असलेले मूळ गाव आळे थोडे बाजूला आहे. कल्याण–अहिल्यानगर आणि पुणे–नाशिक हे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, तिथला फाटा वाढून मूळ गावापेक्षा मोठी बाजारपेठ झाला. फटका बसतो तो मधल्यांना: चहाची टपरी, पंक्चरवाला, रात्री जेवण देणारी खाणावळ. त्यांना मेंढीसारखे उचलून कोणी फाट्यावर नेत नाही.

कालव्याच्या वाटेने

या मधल्या गावांची स्थिती पाहावी म्हणून मी एक मार्ग ठरवला: येडगावहून निघून कुकडीच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातून त्याच्या शेपटापर्यंत जायचे. येडगाव हा पाण्याचा मुक्काम आहे. डिंभे, माणिकडोह, वडज या वरच्या धरणांचे पाणी इथे येते आणि इथून सुमारे अडीचशे किलोमीटरच्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि करमाळ्याकडे जाते. तीन जिल्ह्यांची शेती या एका धरणाच्या दारांकडे डोळे लावून असते.

हा मार्ग मोठ्या महामार्गांना टाळून जातो. निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पाण्याने आणि गोट्यांनी काळ्या खडकात कोरलेले. श्रीगोंद्यात लिंबाच्या बागा आणि शेख महंमदांची समाधी. राशीनला देवीच्या देवळातली हलती दीपमाळ. करमाळ्याला कमलादेवीचे देऊळ. दर वीस-पंचवीस किलोमीटरला एक बाजाराचे गाव; जुनी मजल इथे अजून शाबूत आहे.

पण या प्रवासात माझ्या वहीत सर्वांत जास्त वेळा उतरले ते एक संभाषण. चहासाठी उतरले, की टपरीवरचा माणूस गाडीचा नंबर पाहून विचारी, “पाव्हणं, गाव कुठलं?” मी म्हणे, “येडगाव, जुन्नर तालुका.” पारनेरात यावर मान डोलावली जाई. श्रीगोंद्यात पुढचा प्रश्न येई, “धरणात पाणी किती हाय औंदा?” आणि कर्जतच्या पुढे, शेपटाकडे, आवाज बदले: “आवर्तन कधी सुटणार? तुमच्याकडनं सुटतंय, आमच्यापत्तूर येत न्हाई.” एका म्हाताऱ्या बाबांनी चहाचे पैसे घेतले नाहीत. मला वाटले पाहुणचार, ते म्हणाले, “येडगावचं पाणी प्यायचं तर येडगावच्या माणसाला चहा पाजाया नगो व्हय?” त्यांच्या शेताला त्या उन्हाळ्यात पाणी पोचले नव्हते.

आमच्या गावात आवर्तनाची चर्चा होते तेव्हा ‘खालचे लोक’ हा शब्द असतो. आमचे पाणी खालचे नेतात, ही आमची तक्रार; वरचे सोडत नाहीत, ही त्यांची. दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्ही बाजूंची पिके त्यावर उभी आहेत. परंतु धरण आणि शेपूट यांच्यामध्ये जी गावे आहेत, तिथे थांबत थांबत गेल्याशिवाय ‘खालचे’ या शब्दाला चेहरा येत नाही. हे काम नकाशा करत नाही आणि महामार्गही करत नाही.

जुन्नर तालुक्याला शासनाने २०१८ मध्ये पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले. ओझर आणि लेण्याद्रीमुळे अष्टविनायकाला निघालेली तरुण मुले दुचाकीवरून आमच्याकडे पूर्वीपासून येतातच. शिवजयंतीला शिवनेरीवरून ज्योत नेणाऱ्या मंडळांच्या मोटरसायकलीही येतात. आता रविवारी पहाटे पुण्या-मुंबईहून पंधरा-वीस गाड्यांचे गटही येतात. त्यांतले पुष्कळजण नाश्ता महामार्गावर करून येतात, धरणाच्या काठी फोटो काढतात आणि दुपारी परततात. अशा वेळी गावाच्या वाट्याला आवाज आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या येतात.

त्यांना येऊ नका म्हणण्याचे कारण नाही. गटाने चहा पुलाजवळच्या टपरीवर घेतला, पंक्चर गावातल्या पोराकडे काढले, दुपारचे जेवण आदल्या दिवशी फोन करून एखाद्या घरी सांगितले, तर वीस माणसांच्या जेवणाने त्या घराचा आठवड्याचा किराणा भरतो. मी स्वतः लांबच्या प्रवासात तीन गोष्टी पाळतो: महामार्ग दिसला तरी जुन्या रस्त्याने गावात शिरायचे, दर टप्प्याला काहीतरी विकत घ्यायचे आणि मुक्काम तालुक्याच्या गावापेक्षा लहान गावात करायचा. यात त्याग कसला नाही. शरीराला तेवढे थांबणे लागतेच. ते कुठे थांबायचे, एवढेच आपल्या हातात असते.