दुसऱ्या सिझेरियननंतरचे कागद

(नभोवाणीवरील भाषण)

घरांत मूल जन्मास आलें म्हणजे बारशाचा दिवस, पाळण्याचें नांव, पाहुण्यांची सोय यांची चर्चा घरोघर होते. परंतु रुग्णालयांतून बाळंतिणीबरोबर जी कागदांची पिशवी येते, तिच्याकडे सहसा कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. औषधांची चिठ्ठी तेवढी वर राहते, बाकीचे कागद कपाटाच्या तळाशीं जातात. बाळंतपण नैसर्गिक रीतीनें झालें असेल तर या उपेक्षेनें फारसें बिघडत नाहीं. पण तें सिझेरियन शस्त्रक्रियेनें, आणि तेंहि दुसऱ्यांदा, झालें असेल, तर त्यांतील एक पान पुढें त्या स्त्रीच्या जीविताइतकें मोलाचें ठरूं शकतें. तें पान कोणतें, तें कसें वाचावें आणि कसें मिळवावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा प्रश्न थोड्या घरांचा राहिलेला नाहीं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील दर १०० बाळंतपणांपैकीं सुमारें २५ सिझेरियननें झालीं. २०१५–१६ च्या पाहणींत हाच आंकडा २० होता.

प्रथम एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. पोटावर दिसणारा व्रण आणि गर्भाशयावरील व्रण हे दोन निरनिराळे होत. बाहेरचा छेद आडवा असून आंतील छेद उभा असूं शकतो. गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेतला असेल तर तो चांगला भरून येतो. पुढील खेपेस कळा आल्याच, तर असा एक व्रण फाटण्याचा धोका साधारणपणें २०० त एक इतका असतो. वरच्या, जाड स्नायूंच्या भागावरील उभा छेद मात्र १०० त चारपासून नऊपर्यंत स्त्रियांत फाटतो. न्यूयॉर्कच्या डॉ. क्रॅगिन यांनीं १९१६ सालीं एकदां सिझेरियन झालें कीं पुढें नेहमींच तें करावें लागतें असा नियम सांगितला, तेव्हां उभा छेद हाच रूढ होता. पुढें ग्लासगोच्या मन्रो कर यांनीं आडव्या छेदाचा पुरस्कार केला आणि तो सर्वत्र रूढ झाला. तथापि मूल फार अपुऱ्या दिवसांचें असल्यास, किंवा तें आडवें असल्यास, आजहि क्वचित् उभा छेद घ्यावा लागतो.

दोन सिझेरियननंतर तिसऱ्या वेळीं बहुधा कळा येण्यापूर्वींच शस्त्रक्रिया ठरवितात. सामान्यतः ती ३९ व्या आठवड्यांत करतात. आंतील छेद उभा असेल तर ३६ ते ३७ व्या आठवड्यांतच करणें इष्ट असतें. हा दोन-तीन आठवड्यांचा फरक कशावरून ठरवावयाचा? पोटाकडे पाहून तो कळत नाहीं. तो शस्त्रक्रियेच्या वृत्तांतावरून, म्हणजे ऑपरेशन नोटवरूनच कळतो. आणि हें पान बहुधा आपल्या पिशवींत नसतेंच! पिशवींत असतें तें डिस्चार्ज कार्ड. मूळ वृत्तांत रुग्णालयाच्या केस पेपरांत राहतो.

आतां वाचन. कार्डाच्या आरंभीं जी, पी, एल, ए या अक्षरांपुढें आंकडे असतात. जी म्हणजे एकूण गर्भधारणा, पी म्हणजे झालेलीं बाळंतपणें, एल म्हणजे हयात मुलें आणि ए म्हणजे गर्भपात. 'प्रीव्हियस एल.एस.सी.एस.' याचा अर्थ पूर्वीं गर्भाशयाच्या खालच्या भागावर सिझेरियन झालेलें आहे. रक्तगट आर.एच. निगेटिव्ह असून मुलाचा पॉझिटिव्ह असेल, तर ७२ तासांच्या आंत अँटी-डी इंजेक्शन दिल्याची नोंद आहे ना, तें पाहावें.

ऑपरेशन नोटमध्यें चार गोष्टी शोधाव्या. पहिली, गर्भाशयावरील छेद कोणता, व तो बाजूस अथवा वर वाढला काय. दुसरी, आंत काय आढळलें: 'अ‍ॅड्हेजन्स' म्हणजे अवयव एकमेकांस चिकटलेले होते, विशेषतः मूत्राशय; 'स्कार थिन्ड आउट' म्हणजे जुना व्रण पातळ झाला होता. तिसरी, रक्त किती गेलें व किती द्यावें लागलें. चौथी, शेवटीं 'टी.एल.' म्हणजे नसबंदी केली, किंवा तांबी बसविली काय. ही चौथी नोंद क्षुल्लक मानूं नये. नसबंदी झाली अशा समजुतीवर राहिलेलें घर, किंवा तांबी बसविलेली ठाऊकच नसलेली स्त्री, या दोहोंचें नुकसान सारखेंच होतें.

पुढील गर्भधारणा झालीच, तर वार कोठें आहे हें सोनोग्राफींत आवर्जून पाहावें लागतें. अमेरिकेंत सुमारें ३०,००० स्त्रियांच्या सिझेरियनांचा अभ्यास २००६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत वार गर्भाशयाच्या तोंडावर असून तिसरें सिझेरियन होत असलेल्या स्त्रियांपैकीं १०० त ४० जणींची वार आंत रुतून बसलेली आढळली. अशा वेळीं भरपूर रक्ताची तजवीज असलेलें मोठें रुग्णालय आधींच गांठावें लागतें.

येथेंच आपल्या वऱ्हाडांतील रीतींचा संबंध येतो. समजा, चांदूर रेल्वेची सून आहे. पहिलें बाळंतपण माहेरीं, वर्ध्याकडे झालें. दुसरें ३० किलोमीटरवरील अमरावतीस, ज्या जिल्हा स्त्री रुग्णालयास लोक अद्याप डफरीन म्हणतात तेथें झालें. तिचे कागद दोन जिल्ह्यांत विखुरले. एका ठिकाणीं माहेरचें नांव, दुसऱ्या ठिकाणीं सासरचें. पत्त्यांत नुसतें 'चांदूर' लिहिलें असेल तर तें रेल्वेचें कीं बाजारचें, हेंहि कळावयाचें नाहीं; दोन्ही गांवें एकाच जिल्ह्यांत! म्हणून दाखल झाल्याचा आय.पी.डी. क्रमांक व तारीख हीच खरी किल्ली समजावी.

हे कागद मागणें म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणें नव्हे. रुग्णास आपले कागद नाकारतां येत नाहींत, असें मुंबई उच्च न्यायालयानें १९९६ सालीं सांगितलें. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणें रुग्णानें अथवा त्यानें अधिकार दिलेल्या माणसानें मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आंत ते दिले पाहिजेत. मात्र त्याच नियमांत कागद जपण्याची डॉक्टरांवरील मुदत उपचारारंभापासून तीनच वर्षांची आहे. दोन मुलांत चार-पांच वर्षांचें अंतर असलें, तर गरज पडेल तेव्हां जुना कागद उरलेला असेलच असें नाहीं. म्हणून तो मिळवावयाचा तो आतांच.

अर्ज साधा असावा: नांव, आय.पी.डी. क्रमांक, तारखा आणि 'ऑपरेशन नोटसह संपूर्ण केस पेपरांची प्रत मिळावी' एवढी विनंति. पोंच घ्यावी. प्रत आली म्हणजे न कळलेले शब्द पुढच्या तपासणीच्या वेळीं डॉक्टरांस विचारून समासांत मराठींत लिहून ठेवावे. एक प्रत सासरीं, एक माहेरीं ठेवावी, आणि छायाचित्र खुद्द त्या स्त्रीच्या मोबाइलमध्यें असूं द्यावें. कारण अपरात्रीं कळा सुरू झाल्या तर कपाटाची किल्ली कोणाजवळ आहे हें शोधीत बसण्यास वेळ नसतो.