चपला राखायला कोणी नको

समुद्रावर जाऊन आलेल्या आपल्याकडच्या बाईला विचारून बघा, ‘काय केलंस गं तिकडे?’ उत्तर ठरलेलं असतं. पाय भिजवले, भेळ खाल्ली, फोटो काढले. चौथी गोष्ट ती सांगत नाही, पण केलेली असते. सगळ्यांच्या चपला, पर्सा आणि मोबाइल सांभाळत ती वाळूत बसून राहिलेली असते. मुलं पाण्यात, ‘हे’ पाण्यात आणि ही ओढणी सावरत काठावर! कॅलेंडरवर ती कॅरिबियन बेटं असतात ना, निळंशार पाणी, नारळाची झाडं, नळी तोंडात धरून मजेत तरंगणाऱ्या बायका. ते चित्र आपण भिंतीवर टांगतो आणि त्याच्यावर दुधाचे हिशेब लिहितो.

आमची शहाद्याची भिशी अकरा जणींची. यंदा ठरवलं, भांडी नाहीत, साड्या नाहीत, भिशीच्या पैशांत मालवणला जायचं आणि ते स्नॉर्केलिंग की काय म्हणतात, ते करायचं. घरोघरी पहिला प्रश्न एकच आला, ‘पोहता येतं का तुम्हाला?’ नाही येत. अकरापैकी एकीलाही नाही.

यात नवल काहीच नाही. नंदुरबार जिल्ह्यात पाणी कमी आहे असं नाही. खाली तापी आहे, वर नर्मदा आहे, तोरणमाळला यशवंत तलाव आहे. पण बाईचा पाण्याशी संबंध कामापुरता नाहीतर पुण्यापुरता. हंडा भरायचा, धुणं धुवायचं, प्रकाशाला संगमावर तीन डुबक्या मारायच्या, झालं. आणि भीती खोटी नाही हो! सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या गावांची शेतं-घरं बुडाली. त्याच नर्मदेत २०१९ च्या संक्रांतीच्या दिवसांत प्रमाणाबाहेर माणसं भरलेली बोट उलटली आणि त्यात लहान मुलंही गेली. अशा जिल्ह्यातल्या बाईला ‘पाण्यात मजा असते’ हे पटवून द्यायला जरा वेळ लागतोच.

‘समुद्रच बघायचा तर सुरत जवळ नाही का?’ असंही एकीने विचारलं. जवळ आहेच. आपली तापी सुरतेजवळच समुद्राला मिळते आणि खरेदीला गेलेली निम्मी मंडळी डुमसला भजी खाऊन येतात. पण नदी आपल्याबरोबर गाळ घेऊन जाते. पाणी गढूळ, वाळू काळी, पाण्याखाली हातभरावरचं दिसणार नाही. प्रवाळाला ऊन आणि बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं, म्हणून तो तिथे वाढत नाही. मालवणचा किनारा खडकाळ आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूच्या खडकांवर प्रवाळ आहेत, आणि म्हणूनच १९८७ साली तिथलं सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं.

तर नंदुरबारहून रेल्वेने मुंबई, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ आणि पुढे तासाभराच्या आत मालवण. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी रत्नागिरीपर्यंत पुरली. दांडीच्या किनाऱ्यावर सकाळी आठलाच जत्रा भरली होती. बोटवाल्यांच्या हाका, शहाळी फोडण्याचा आवाज, कोल्हापूरकडचं शाळेचं एक आख्खं सहल-पथक, आणि समोर पाण्यात उभा किल्ला. १६६४ साली महाराजांनी त्याचं काम सुरू केलं. चहूकडे खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. नावं ऐकूनच आम्हा बायकांना किल्ला आपल्यातला वाटला!

आता कपड्यांचं बोलू, कारण निम्म्या मैत्रिणी तिथेच अडतात. पोहण्याचा वेगळा पोशाख लागत नाही. लांब बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग्ज, बस्स. साडी मात्र नको. पाण्यात साडी फुगते, पायांत अडकते, जड होते. ओढणीही नको. लांब बाह्या उन्हापासून वाचवतात, त्यामुळे थापून क्रीम लावावं लागत नाही. (उन्हाच्या काही क्रीममधली रसायनं प्रवाळाला घातक ठरतात, म्हणून अमेरिकेतल्या हवाई राज्यात २०२१ पासून अशा क्रीमच्या विक्रीवर बंदी आहे.) मंगळसूत्र टी-शर्टच्या आत टाकायचं किंवा खोलीवर ठेवायचं, टिकली काढायची. मास्कमध्ये नाकही झाकलं जातं, त्यामुळे चमकी टोचते. कपाळावरचा एक केस जरी मास्कच्या कडेखाली राहिला, तरी तिथून पाणी झिरपतं. किनाऱ्यावर कपडे बदलायला धड आडोसा नसतो, ही तक्रार मात्र मी करणारच. आम्ही खोलीवरूनच तयार होऊन निघालो आणि ओल्या कपड्यांवर घालायला सैल गाऊन जवळ ठेवले.

बोटीत चढायच्या वेळी आमच्या मोठ्या जाऊबाई, वय वर्षं त्रेसष्ट, वाळूत फतकल मारून बसल्या. ‘मी आठेच बसस. तुम्ही जाई या.’ आणि चपला ओढून घ्यायला लागल्या. आम्ही दहाही जणींनी चपला पिशवीत भरल्या आणि पिशवी बोटीत टाकली. राखायला काही उरलंच नाही, मग बसून काय करणार?

किल्ल्यामागच्या खडकांजवळ बोट थांबली. लाइफ जॅकेट प्रत्येकीला, पट्टे ओढून घट्ट केलेलं. याबाबतीत भीड बाळगायची नाही. तारकर्लीजवळ २४ मे २०२२ रोजी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. बोटीत माणसं जास्त वाटली, जॅकेट कमी वाटले, तर सरळ उतरायचं, पैसे गेले तरी चालतील. दम्याचा, हृदयाचा, कानाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर मैत्रिणींनी आधी डॉक्टरांना विचारायचं.

तंत्र म्हणाल तर अगदी साधं आहे. मास्कमध्ये नाक बंद, तोंडात नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याबाहेर. पालथं तरंगायचं आणि तोंडाने श्वास घ्यायचा. नळी वीतभरापेक्षा थोडी मोठी असते. ती आणखी लांब का नसते, असं मी विचारलं. तर म्हणे, लांब नळीत आपलाच उच्छ्वास साठून राहतो आणि खोल पाण्याचा दाब छाती फुगू देत नाही. शिवाय खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड, त्यामुळे आपल्याला वर उचलून धरतं. तापीपेक्षा समुद्रात तरंगणं सोपं आहे, हे मला पन्नाशीत कळलं! मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळायची असते. हे ऐकून आमच्यातल्या दोघींनी नाकं मुरडली, पण चोळली.

सगळ्यात अवघड काय, तर पहिला श्वास. चेहरा पाण्यात गेला की सगळं शरीर ओरडतं, वर ये, वर ये! जाऊबाई बोटीची कड सोडेनात. सोबतचा मालवणी मुलगा जेमतेम विशीतला. रबरी रिंग त्यांच्या हातात देऊन तो शांतपणे म्हणाला, ‘काकी, भियाव नकात. तोंडान श्वास घेवा, नाक इसरान जावा.’ तीनदा त्या खोकत वर आल्या. चौथ्यांदा गेल्या त्या वर येईनातच. आम्ही घाबरलो, तर नळीतून घुर्र घुर्र श्वास चाललेला. बऱ्याच वेळाने डोकं वर काढून त्या ओरडल्या, ‘माय वं! खाले ते गावच शे पूरं!’

खरंच गाव होतं. पाणी कॅलेंडरसारखं निळं मुळीच नव्हतं, हिरवट होतं, तरी दोन-तीन पुरुष खोलपर्यंत दिसत होतं. पिवळ्या-पांढऱ्या अंगावर काळे पट्टे असलेल्या माशांचा थवा आमच्या हातांमधून गेला. पाण्याखाली काचेतून सगळं जवळ आणि मोठं दिसतं, त्यामुळे मासा धरायला हात पुढे केला की तो असतो पलीकडेच. खडकावर मेंदूसारख्या वळ्यांचे गोळे होते, ते प्रवाळ. तो दगड नाही आणि झाडही नाही. इवले इवले जीव चुन्याची घरं बांधतात आणि त्यांच्या अंगात राहणारं शेवाळ त्यांना अन्न पुरवतं. पाणी फार तापलं की हे शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. जगभर असं मोठ्या प्रमाणावर होत असल्याचं एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, आणि ही चौथी वेळ होती. मालवणचे प्रवाळही यातून सुटलेले नाहीत. म्हणून त्यावर पाय ठेवायचा नाही, तुकडा तोडून आणायचा नाही. मासे जमावेत म्हणून आमच्या नावाड्याने पाव काढला, तो आम्ही परत ठेवायला लावला. पाव हे काही माशांचं खाणं नव्हे.

दक्षिण कोरियात जेजू नावाचं बेट आहे. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवाय समुद्रात बुड्या मारून शिंपले काढतात. त्यांना ‘हेन्यो’ म्हणतात, आणि २०१६ मध्ये युनेस्कोने त्यांच्या या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. त्यांच्यातल्या बहुतेक जणी साठीच्या पुढच्या आहेत. हे मी रात्री सांगितलं तेव्हा जाऊबाई ताठ बसल्या.

दुपारभर आम्ही काहीही केलं नाही. हे वाक्य लिहितानाही मजा वाटते. घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी. मासे खाणाऱ्यांनी बांगडा खाल्ला. मग तारकर्लीच्या सुरूच्या बनात सतरंजी टाकून पडलो. कुणाला चहा नको होता, कुणाचा डबा नव्हता. संध्याकाळी किनाऱ्यावर कोळी रापण ओढत होते. दोन्ही बाजूंनी दोर धरून जाळं काठाला आणायचं. आम्हीही हात लावला, आणि दोराने तळहात लाल झाले.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. पाणी त्यातल्या त्यात निवळ असतं आणि समुद्र शांत. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. शनिवार-रविवार टाळा, सकाळची बोट घ्या, आधी पोटभर खाऊ नका, भाव बोटीत चढण्याआधी ठरवा.

पुढच्या वर्षीची भिशीही भांड्यांत घालायची नाही असं ठरलंय. त्याआधी पाच जणींना पोहायला शिकायचंय. बायकांसाठी वेगळी वेळ आणि शिकवायला बाई असलेला तलाव जवळपास कुठे आहे, याची चौकशी सुरू आहे. यादीत पहिलं नाव जाऊबाईंचं आहे.