गच्चीवरची भाजी : हिशेब मांडून सुरुवात करा

धंद्यात मंदी आली की घरातली पहिली काटकसर भाजीच्या पिशवीत होते. २०२० च्या टाळेबंदीत भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग थांबले, दुकानांची शटर्स खाली आली, रोजंदारी बुडाली. त्या दिवसांत अनेक घरांत डाळ-तांदूळ होते, पण कोथिंबिरीची जुडी आणायचीही पंचाईत होती. तेव्हापासून ‘घरीच पिकवा, बाजार विसरा’ असा सल्ला वारंवार कानावर येतो. आमच्या मते हा सल्ला निम्मा खरा आहे. व्यापारी आणि कारागीर बांधवांनी तो मानण्याआधी हिशेबाला लावून पाहावा.

काय परवडते, काय नाही

समजा, आपल्याकडे २०० चौरस फूट गच्ची आहे, म्हणजे सुमारे साडेअठरा चौरस मीटर. चांगल्या बागायती जमिनीत गव्हाचे उत्पन्न हेक्टरी साडेतीन टन धरले, तर एका चौरस मीटरला ३५० ग्रॅम पडतात. साऱ्या गच्चीवर गहू पेरला तरी चार महिन्यांनी साडेसहा किलो हाती येईल. पाच माणसांच्या घरात तो तीन-चार दिवसांत संपेल. धान्याच्या बाबतीत स्वावलंबनाची भाषा येथेच संपते.

आता मेथी घ्या. एका चौरस मीटरातून महिन्याभरात पाऊण ते एक किलो भाजी निघते आणि थंडीच्या हंगामात तीन-चार वेळा पेरता येते. मेथी, कोथिंबीर, पुदिना, मिरची, कढीपत्ता, अळू हा माल रोज थोडा थोडा लागतो, लवकर नासतो आणि पावसाळ्यात त्याचा भाव चढतो. असाच माल घरी काढणे फायद्याचे.

हवानाचा धडा

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि क्युबाला मिळणारे तेल व रासायनिक खते आटली. शेतातला माल शहरात आणायला इंधन नव्हते. तेव्हा हवानाच्या लोकांनी पडीक जागांवर, भराव टाकलेल्या जमिनीवर बांध घालून वाफे केले, त्यांत कंपोस्ट आणि माती भरली आणि भाज्या काढल्या. पण त्याच क्युबाला तांदूळ आणि गहू बाहेरून आणावेच लागले. शहर आपली भाजी पिकवू शकते, भाकरी नाही.

माती घरीच तयार होते

आपल्याकडेही जाणत्यांनी हे करून दाखवले आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून काडीकचऱ्यापासून सुपीक माती बनवण्याचे तंत्र लोकांपर्यंत नेले. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी वांद्र्याच्या आपल्या गच्चीवर उसाच्या चिपाडांत भाज्या आणि फळे पिकवली. खाली दाबून भरलेले चिपाड, वर थोडे खत आणि माती, एवढाच त्यांचा थर. रसवंतीवाला चिपाड फेकूनच देतो.

घरच्या ओल्या कचऱ्याचा एक भाग घेतला तर सुका पाला किंवा चिपाड दोन भाग घ्यावे. भोके पाडलेल्या डब्यात थरावर थर द्यावेत आणि आठवड्यातून एकदा वर-खाली करावे. दोन-तीन महिन्यांनी मातीचा वास येऊ लागला की खत तयार झाले. मांस, मासळी, तेलकट खरकटे त्यात टाकू नये, उंदीर येतात. सुतारबांधवांनी कच्चा भुसा थेट कुंडीत घालू नये. तो कुजताना झाडाचा नत्र ओढून घेतो. प्लायवूडचा भुसा तर नकोच.

डबे पारखून घ्या

तेलाचे रिकामे डबे, फळांची क्रेट, आंब्याच्या पेट्या आपल्या बाजारात सहज मिळतात. परंतु रंग, ॲसिड, चामडे कमावण्याची रसायने किंवा जंतुनाशक यांचे पिंप कितीही धुतले तरी भाजीसाठी वापरू नये. फुकट मिळालेले हे पिंप फार महाग पडेल.

दुसरी काळजी वजनाची. एक घनफूट ओली माती ४५ ते ५० किलो भरते. आम्ही पहिल्या वर्षी सिमेंटच्या वीस कुंड्या आणल्या, त्या लाल मातीने काठोकाठ भरल्या आणि स्लॅबच्या मधोमध मांडल्या. श्रावणात खालच्या खोलीत पाणी ठिबकू लागले. घरमालकाशी वाद झाला, कुंड्या उतरवाव्या लागल्या आणि वर डागडुजीचा खर्च बसला. चिपाड वापरले असते तर वजन कितीतरी कमी झाले असते. म्हणून आधी मालकाची परवानगी घ्यावी, डबे भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेवर, विटांवर ठेवावेत. जुन्या इमारतीत जाणकाराला विचारल्याशिवाय काही चढवू नये.

शागिर्दासारखे शिका

कोणताही कारागीर पहिल्या दिवशी मोठे काम हाती घेत नाही. येथेही पाच डब्यांनी सुरुवात करावी. मेथी वीस-पंचवीस दिवसांत हाती येते, ती पहिली पेरावी. मग कोथिंबीर. धणे हलके रगडून दोन फाके करावेत, आठ-दहा दिवसांत उगवतात. पुदिन्याच्या बाजारातल्या काड्याच पाण्यात ठेवून मुळे फुटली की लावाव्यात. मिरची आणि टोमॅटोला पाच-सहा तास ऊन हवे. ऊन कमी असेल तेथे अळू लावावे. पालेभाजीची पहिली पेरणी पाऊस ओसरल्यावर करावी. उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर येते.

मावा पडल्यास एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण घोळून संध्याकाळी फवारावे. कुंडीखालच्या ताटल्यांतले पाणी आठवड्यातून एकदा तरी रिकामे करावे, नाहीतर भाजीबरोबर डेंग्यूचे डासही वाढतील.

आणि एक वही ठेवावी. उजव्या पानावर खर्च : बियाणे, डबे, पाणी. डाव्या पानावर घरात आलेली भाजी, त्या दिवसाच्या बाजारभावाने. पहिल्या वर्षी तोटा दिसला तर घाबरू नये, डबे आणि खत पुढच्या वर्षीही कामाला येतात. दुसऱ्या वर्षीही तोटाच दिसला, तर कोणते पीक बंद करायचे ते वहीच सांगेल.

दुकान सोडून शेतकरी व्हा, असे आम्ही कोणाला सांगत नाही. पण गिऱ्हाईक आटले, काम थांबले, तरी चुलीवरच्या डाळीत घरची मिरची-कोथिंबीर पडेल एवढी तजवीज आपल्या हातात आहे. ती मंदी आल्यावर करता येत नाही, कारण खताला तीन महिने आणि हात बसायला एक हंगाम लागतो. धंदा बरा चालला असतानाच पाच डबे भरून ठेवावेत.