व्हीपीएन घेताना : आधी दुकानदार पारखा

माल पाहण्यासाठी परगावी जाणारे आमचे व्यापारी व कारागीर बंधू हल्ली स्टेशनवर, लॉजवर फुकटचे वाय-फाय वापरतात. त्याच मोबाइलमध्ये गिऱ्हाइकांचे नंबर, मालाचे भाव आणि घरच्यांचे फोटो असतात. ‘व्हीपीएन टाका, सारे सुरक्षित होईल,’ असा सल्ला कोणीतरी देतो. तो कितपत खरा, हे आम्ही येथे पाहणार आहोत.

व्हीपीएन म्हणजे आपल्या मोबाइलपासून व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरपर्यंतची बंदिस्त वाट. आपण कोणत्या साइटवर गेलो हे मग वाय-फायवाल्याला किंवा इंटरनेट कंपनीला दिसत नाही. परंतु ते व्हीपीएन कंपनीला दिसू शकते! म्हणजे वही एका मुनीमाकडून काढून दुसऱ्या मुनीमाच्या हाती दिली, इतकेच. सबब खरा प्रश्न असा, की हा दुसरा मुनीम भरवशाचा आहे काय?

फुकटच्या मालाबाबत विशेष सावध राहावे. ‘ओनावो प्रोटेक्ट’ हे फेसबुकचे मोफत व्हीपीएन माहिती सुरक्षित ठेवण्याच्या नावाखाली दिले जाई. प्रत्यक्षात ती माहिती कंपनी आपल्या व्यापारी फायद्यासाठी वापरीत होती. २०२३ साली ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने याबद्दल तिच्या दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ म्हणणाऱ्या हाँगकाँगच्या ‘यूएफओ व्हीपीएन’च्या नोंदी २०२० मध्ये इंटरनेटवर उघड्या सापडल्या.

मग निवड कशी करावी?

१) कंपनी कोणाची, कोणत्या देशातली, हे स्पष्ट लिहिलेले असावे.

२) नोंदी न ठेवण्याच्या दाव्याची बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी झालेली असावी.

३) एक बटण दाबताच चालू व्हावे. जोडणी तुटल्यास इंटरनेट आपोआप थांबवणारी ‘किल स्विच’ सोय असावी.

४) अॅप अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावे. त्याने फोनबुक किंवा फोटो पाहण्याची परवानगी मागितल्यास देऊ नये.

उदाहरणादाखल दोन नावे सांगतो. स्वित्झर्लंडच्या ‘प्रोटॉन व्हीपीएन’ची मोफत योजना आहे, तीत डेटाची मर्यादा नाही, मात्र एका वेळी एकच मोबाइल जोडता येतो. स्वीडनचे ‘मुलवाड’ महिना ५ युरो घेते. नाव, ईमेल काही मागत नाही, फक्त खाते क्रमांक देते. एप्रिल २०२३ मध्ये पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन तिच्या कचेरीत आले आणि ग्राहकांची माहिती न घेताच परतले. जे साठवलेच नाही, ते कोण नेणार?

आता कायद्याचे. ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढून व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांचे नाव, पत्ता वगैरे माहिती ५ वर्षे ठेवण्यास सांगितले. त्यानंतर अनेक परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले. दुबईला जाणाऱ्या बंधूंनी तर विशेष लक्षात ठेवावे : संयुक्त अरब अमिरातीत गुन्हा करण्यासाठी वा तो लपवण्यासाठी व्हीपीएन वापरल्यास कैद, तसेच ५ लाख ते २० लाख दिरहम दंड होऊ शकतो. ‘सगळेच वापरतात’ ही सबब तेथे चालणार नाही.

शेवटी, व्हीपीएनकडून नसत्या अपेक्षा ठेवू नयेत. बँकेच्या अॅपमधील व्यवहार मुळातच सांकेतिक रूपात जातात. व्हॉट्सअॅपचे संदेशही २०१६ पासून तसेच जातात. उलट फसवी लिंक दाबली किंवा ओटीपी दुसऱ्याला सांगितला, तर कोणतेही व्हीपीएन पैसे वाचवू शकत नाही. ज्याचा सारा वापर घरच्या इंटरनेटवर हिशेब आणि व्हॉट्सअॅपपुरता आहे, त्याने पैसे खर्च केले नाहीत तरी चालेल. ज्याला वारंवार परक्या वाय-फायवर बसावे लागते, त्याने मात्र वरील चार गोष्टी तपासूनच घ्यावे, आणि एकदम वर्षाचे पैसे न भरता आधी महिनाभर वापरून पाहावे.