तीन दिवसांत दिल्ली

राजधानी एकदा पाहावी, ही इच्छा आपल्याकडील बहुतेक कुटुंबांत केव्हा ना केव्हा बोलून दाखविली जाते. शाळेच्या पुस्तकात लाल किल्ल्याचे चित्र पाहिलेली मुले तिचा आग्रह धरतात. वडीलधाऱ्यांना राजघाटावर फूल वाहावयाचे असते. आणि घरातील मिळविती माणसे रजेचे दिवस व शिलकीतील पैसे मोजीत असतात. अखेर वर्षभर बाजूला टाकलेल्या रकमेतून आणि मिनतवारीने मिळालेल्या रजेतून जो योग जुळून येतो, तो बहुधा तीन दिवसांचाच असतो. वृद्ध आईवडिलांच्या बाबतीत तर तो कदाचित एकदाच यावयाचा असतो. म्हणून हे तीन दिवस कसे घालवावयाचे, याचा विचार तिकिटे काढण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसून करणे अगत्याचे आहे.

सामान्यतः आपण प्रेक्षणीय स्थळांची एक लांबलचक यादी तयार करतो आणि तिच्यातील प्रत्येक नावावर खूण करण्याच्या मागे लागतो. एका दिवसात आठ-दहा ठिकाणी घाईघाईने उतरावयाचे, छायाचित्रे काढावयाची आणि पुन्हा गाडीत बसावयाचे, असा क्रम चालतो. सायंकाळी आजींचे पाय सुजलेले असतात, मुले कंटाळून रडकुंडीस आलेली असतात, आणि आधी काय पाहिले व नंतर काय पाहिले, हेही कोणाला नीटसे आठवत नाही. पैसा खर्च झालेला असतो; दिल्ली मात्र पाहावयाची राहून गेलेली असते. तेव्हा यादी करतानाच तिच्यातील निम्मी नावे खोडून टाकण्याचे धैर्य दाखविले पाहिजे.

एक दिवस, एक नगर

कोणती नावे ठेवावी आणि कोणती खोडावी, हे ठरविण्याचा एक सोपा मार्ग आहे. दिल्ली हे वस्तुतः एक शहर नाही. निरनिराळ्या काळी वसलेली अनेक नगरे तेथे शेजारी-शेजारी नांदत आहेत. नकाशा पुढे घेऊन पाहिलात, तर उत्तरेस शहाजहानाबाद, मध्यभागी इंग्रजांनी वसविलेली नवी दिल्ली आणि दक्षिणेस सुलतानांच्या काळातील जुन्या वस्त्या, असे तीन भाग सहज दिसून येतात. एका दिवशी एकाच भागात राहावे, हा नियम एकदा पाळला, की निम्मी धावपळ आपोआप टळते. रस्त्यात जाणारा वेळ वाचतो. शिवाय एका काळातील वास्तू एकापाठोपाठ पाहिल्यामुळे इतिहासाचा धागाही तुटत नाही.

पहिला दिवस शहाजहानाबादला द्यावा. लाल किल्ल्याचे बांधकाम १६३९ मध्ये सुरू होऊन १६४८ मध्ये पुरे झाले. तेथे सकाळी लवकर पोहोचावे आणि निदान दोन तास तरी रेंगाळावे. मराठी माणसाला या किल्ल्यात पाहण्यासारखे एक अधिक आहे. दिवाण-ए-खासचे छत पूर्वी चांदीने मढविलेले होते. पानिपतच्या मोहिमेत दिल्ली ताब्यात आल्यावर, १७६० मध्ये, सदाशिवरावभाऊंनी फौजेच्या खर्चासाठी ही चांदी काढून घेतली. त्या छताखाली उभे राहून मुलांना ही हकीकत सांगितलीत, तर पानिपतावर जाणाऱ्या सैन्याची पैशाअभावी झालेली ओढाताण त्यांच्या जेवढी ध्यानात येईल, तेवढी धड्यातून येणार नाही. याच वास्तूत १८५८ मध्ये बहादूरशहा जफर यांच्यावर खटला चालला. १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटलाही याच किल्ल्यात उभा राहिला. आणि १६ ऑगस्ट १९४७ रोजी पंडित नेहरूंनी किल्ल्याच्या तटावर राष्ट्रध्वज फडकविला. एकाच आवारात एवढा इतिहास असता, तो अर्ध्या तासात आटोपणे योग्य होईल काय?

किल्ल्यासमोरच चांदणी चौक आहे. तेथील शीशगंज गुरुद्वारा १६७५ मध्ये गुरू तेगबहादूर यांनी जेथे हौतात्म्य पत्करले, त्या स्थळी उभा आहे. १६५६ मध्ये पूर्ण झालेली जामा मशीदही तेथून जवळच आहे. मात्र नमाजाच्या वेळी प्रेक्षकांना तेथे प्रवेश नसतो, हे लक्षात ठेवावे. गुरुद्वारात मस्तक झाकावे लागते, तेव्हा सर्वांजवळ एकेक रुमाल असावा. दुपारची विश्रांती झाल्यावर, ऊन उतरू लागताच राजघाटावर जावे. गांधीजींच्या समाधीवरील काळा संगमरवरी चौथरा अगदी साधा आहे. दिवसभर पाहिलेल्या बादशाही वैभवानंतर तो साधेपणा मनाला अधिक जाणवतो. ज्यांना बाबासाहेबांच्या स्मृतीला वंदन करावयाचे असेल, त्यांनी याच दिवशी अलीपूर मार्गावरील २६ क्रमांकाच्या जागी जावे. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण तेथेच झाले. त्या जागी उभारलेले राष्ट्रीय स्मारक २०१८ मध्ये खुले झाले आहे.

दुसरा दिवस नव्या दिल्लीचा. राजधानी कलकत्त्याहून हलविण्याची घोषणा डिसेंबर १९११ च्या दरबारात झाली, आणि ल्युटेन्स व बेकर या वास्तुशिल्पींनी आखलेल्या नगराचे उद्घाटन १९३१ मध्ये झाले. त्यानंतर सोळाच वर्षांनी इंग्रजांना ते सोडून जावे लागले. ३४० खोल्यांचे राष्ट्रपती भवन आतून पाहता येते. परंतु त्यासाठी आगाऊ नोंदणी करावी लागते. तेथून कर्तव्यपथाने इंडिया गेटकडे यावे. ४२ मीटर उंचीच्या या कमानीवर पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या अफगाण युद्धात कामी आलेल्या तेरा हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत. स्वातंत्र्योत्तर काळातील वीरांचे राष्ट्रीय युद्धस्मारक २०१९ मध्ये त्याच्या नजीक उभे राहिले. दुपारचे ऊन टाळण्यासाठी राष्ट्रीय संग्रहालय सोयीचे आहे. ते सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये. मोहेंजोदडोची ती जेमतेम वीतभरही नसलेली नर्तिकेची मूर्ती आणि आणखी एक-दोन दालने पाहिली, तरी पुष्कळ झाले. जेथे ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली, ते गांधी स्मृतीचे स्थानही याच भागात आहे. सायंकाळी बंगलासाहेब गुरुद्वारात गेलात, तर लंगरात सर्वांच्या पंक्तीला बसून जेवता येते. जातीपातीचा विचार न करता शेजारी-शेजारी बसलेली ती पंगत मुलांनी अवश्य पाहावी.

तिसऱ्या दिवशी दक्षिणेकडे वळावे. सकाळी हुमायूनची कबर आणि दुपारनंतर कुतुबमिनार, एवढी दोनच स्थळे पुरेशी आहेत. कारण त्यांमधील अंतर दहा किलोमीटरांहून अधिक आहे. हुमायूनची कबर सोळाव्या शतकात त्याच्या बेगमेने बांधविली. बागेच्या मध्यभागी उभारलेल्या या भव्य समाधीचे पुढील स्वरूप म्हणजे आग्र्याचा ताजमहाल होय. कुतुबमिनार ७२.५ मीटर उंच असून त्याला ३७९ पायऱ्या आहेत. परंतु १९८१ मध्ये आत झालेल्या चेंगराचेंगरीत अनेक मुलांचा बळी गेल्यापासून वर चढण्यास बंदी आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. त्याच आवारातील लोहस्तंभ मात्र चुकवू नये. सात मीटरांहून उंच आणि सहा टनांहून अधिक वजनाचा हा गुप्तकालीन स्तंभ सुमारे सोळाशे वर्षे ऊनपावसात उभा असूनही गंजून गेलेला नाही. त्यातील लोखंडात स्फुरदाचे प्रमाण अधिक असल्याने पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झाला, असे धातुशास्त्रज्ञ सांगतात.

सोमवारची अडचण

दिल्लीच्या प्रवासात पुष्कळांचा बेत एका साध्या कारणाने फसतो. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, गांधी स्मृती, तसेच मुलांच्या आवडीचे चाणक्यपुरीतील रेल्वे संग्रहालय ही सर्व सोमवारी बंद असतात. हुमायूनची कबर आणि कुतुबमिनार मात्र रोज उघडे असतात. म्हणून तुमच्या तीन दिवसांत सोमवार येत असेल, तर दक्षिण भाग त्या दिवशी ठेवावा आणि उरलेला क्रम त्याप्रमाणे बदलावा. स्वातंत्र्यदिनापूर्वी काही दिवस लाल किल्ला प्रेक्षकांना बंद असतो आणि प्रजासत्ताक दिनाच्या तयारीमुळे जानेवारीत कर्तव्यपथावर निर्बंध असतात, हेही ध्यानी असू द्यावे.

ऋतूचा विचारही असाच महत्त्वाचा आहे. मे-जूनमध्ये पारा चाळीस अंशांच्या वर जातो. हिवाळ्याच्या आरंभी हवेतील धूर व धूळ फार वाढते. दम्याचा विकार असणाऱ्यांनी तो काळ टाळावा. डिसेंबर-जानेवारीत दाट धुक्यामुळे गाड्या कित्येक तास उशिरा धावतात, म्हणून परतल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी कामावर रुजू होण्याचे ठरवू नये. फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्चचा पूर्वार्ध सर्वांत सुखाचा. त्या सुमारास राष्ट्रपती भवनाचे उद्यानही फुललेले आणि लोकांसाठी खुले असते.

खर्च, मुक्काम आणि वाहन

नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी सुरू होते. परीक्षा संपण्याच्या सुमारास निघावयाचे असेल, तर त्याच दिवशी जाण्याची व येण्याची दोन्ही तिकिटे काढावी. दिल्लीत मोठी स्थानके अनेक आहेत. आपली गाडी नवी दिल्लीस थांबते की हजरत निजामुद्दीनला, हे तिकिटावर नीट पाहून मगच मुक्कामाची जागा ठरवावी. जागा स्वस्त पण दूर असण्यापेक्षा मेट्रोच्या स्थानकाजवळ असणे अंती परवडते. २००२ मध्ये सुरू झालेल्या या मेट्रोने लाल किल्ला, जामा मशीद आणि कुतुबमिनार या नावांची स्थानकेच केली आहेत. मात्र कुतुबमिनारच्या स्थानकापासून आवारापर्यंत रिक्षा करावी लागते. गाडीचा पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क पडत नाही. तेव्हा मुलांच्या वयाचा दाखला जवळ असू द्यावा.

अंदाजपत्रक मांडताना प्रवास, मुक्काम, जेवण आणि स्थानिक वाहन असे चार रकाने करावे, आणि एकूण रकमेचा दहावा हिस्सा निराळा ठेवावा. एखाद्याची प्रकृती बिघडली किंवा म्हाताऱ्या माणसासाठी अचानक मोटार करावी लागली, तर ती रक्कम उपयोगी पडते. तिला हात लागला नाही, तर शेवटच्या दिवशी मुलांसाठी पुस्तके घ्यावी.

घरातील सर्वांत हळू चालणारे माणूस

तथापि सर्व बेताचे माप एकच असावे, ते म्हणजे घरातील सर्वांत हळू चालणारे माणूस. आजींना किती चालवते, हे विचारून दिवसाचा कार्यक्रम आखावा. धाकट्या मुलाची दुपारची झोप सांभाळावी. रोज दुपारी दोन तास मोकळे ठेवावे. ज्यांना उत्साह आहे, त्यांनी तेवढ्या वेळात बाजार पाहावा. बाकीच्यांनी पाय पसरून पडावे. शिवाय प्रत्येकाला आपल्या पसंतीचे एक स्थळ निवडू द्यावे. मुलाने रेल्वे संग्रहालय मागितले आणि आजींनी बिर्ला मंदिर, तर दोन्ही मानावी आणि त्यांच्यासाठी यादीतील दुसरी दोन नावे गाळावी. हे मंदिर सर्व जातींच्या लोकांना खुले राहील, या अटीवर गांधीजींनी १९३९ मध्ये त्याचे उद्घाटन केले होते, हे आजींनी नातवंडांना सांगावे.

एवढे करूनही पुष्कळ काही पाहावयाचे राहील. जंतरमंतर, लोदी उद्यान, पुराना किल्ला, १७३७ मध्ये बाजीरावांच्या फौजेने ज्याच्या नजीक बादशाही सैन्याचा पराभव केला ते तालकटोरा, ही सर्व नावे तुमच्या वहीत तशीच राहतील. त्याची खंत बाळगण्याचे कारण नाही. घरी परतल्यावर ती वही जपून ठेवावी. मुले मोठी होतील, स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या पैशाने पुन्हा दिल्लीस जातील, तेव्हा त्यांना तिचा उपयोग होईल. आणि आजींबरोबर पाहिलेल्या मोजक्या जागा त्यांना कोणालाही न विचारता सापडतील.