कूलर की चाकांवरचा एसी?

"डॉक्टर, म्हाताऱ्या आईसाठी कूलर घ्यावा की चाकांवरचा एसी?" उन्हाळा लागला की हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर हवेत आहे.

कूलरमध्ये पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता शोषली जाते. अकोला, नागपूर, चंद्रपूरकडील मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो उत्तम चालतो, वीजही थोडी लागते. मात्र समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत दमटपणा वाढतो, घाम सुकत नाही आणि शरीर तापतच राहते. कोकणात किंवा पावसाळ्यात म्हणूनच कूलरचा उपयोग होत नाही. तेथे एसी बरा. पण त्याचा गरम हवेचा पाइप खिडकीबाहेर काढून फट बुजवावी.

कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी व कोरडी करावी. डेंग्यूचे डास तिच्यात वाढतात. पाणी भरताना प्लग काढावाच. ओल्या पत्र्याचा शॉक जिवावर बेततो.

अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला, तर मात्र कूलरपुढे बसवून वाट पाहू नका. अंगावर पाणी शिंपडून वारा घाला व तातडीने दवाखान्यात न्या. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नका.